मिश्रणाची शाब्दिक उदाहरणं आणि उणे एकोणीस लिटर

दुपारचा_चहा | शनिवार, रात्री 9:12

लेक यंदा दहावीला. राज्य मंडळ, मराठी माध्यम, मुक्काम गोरेगाव. बीजगणिताचं पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे. समीकरणं समोर ठेवली की झटक्यात सोडवतो, क्रेमरच्या पद्धतीने निश्चयक-बिश्चयक काढून मलाच शिकवतो. पण तीच गोष्ट चार ओळींच्या मराठीत लिहून आली की पेन तोंडात. वयाची उदाहरणं जमतात, होडी आणि प्रवाह रडतखडत जमतं, मिश्रण आलं की गाडी थेट कारशेडला.

आजचं उदाहरण असं: 20 टक्के आम्ल असलेलं एक द्रावण आणि 50 टक्के आम्ल असलेलं दुसरं द्रावण मिसळून 30 टक्क्यांचं 30 लिटर द्रावण करायचं आहे. प्रत्येक द्रावण किती घ्यावं?

चिरंजीवांनी मांडलं:
क्ष + य = 30
20क्ष + 50य = 30

पुढे सगळं शिस्तीत सोडवून क्ष = 49, य = -19. उणे एकोणीस लिटर आम्ल! आणि त्याभोवती पट्टीने आखलेली चौकट. मी विचारलं, उणे एकोणीस लिटर म्हणजे नक्की किती रे? तर म्हणे, "गणितात असतं तसं."

चूक कुठे आहे ते मला अंधुक कळतंय, पण त्याला पटेल असं सांगता येत नाही. नवरा कॉमर्सवाला, "क्लासच्या सरांना विचार" म्हणून बातम्या लावून बसलाय. इथे मास्तर मंडळी बरीच आहेत, म्हणून हा धागा.

ठाणे_स्लो | शनिवार, रात्री 9:20

समीकरण कशाला पाहिजे? फुली मारा. डावीकडे 20, उजवीकडे 50, मधोमध 30. तिरकी वजाबाकी करा: 50 - 30 = 20, 30 - 20 = 10. प्रमाण 20:10, म्हणजे 2:1. तीस लिटरचे तीन भाग. 20 लिटर आणि 10 लिटर. दहा सेकंदांत काम तमाम. बँकेच्या परीक्षेला आम्ही असंच करतो.

खडूस_मास्तर | शनिवार, रात्री 9:47

ठाणे_स्लो, बँकेच्या परीक्षेत चार गोळ्यांतला एक काळा करायचा असतो, तिथे तुमची फुली चालते. बोर्डाच्या पेपरात नुसती फुली काढली तर "समजा" या ओळीचा गुण गेला, मांडणीचा गेला, राहिला उत्तराचा. आणि ताईंचा प्रश्न उत्तराचा नाहीच.

ताई, मुलाचं पहिलं समीकरण लिटर मोजतंय. डावीकडे लिटर, उजवीकडे लिटर, ठीक. दुसऱ्यात डावीकडे टक्के गुणिले लिटर आहे आणि उजवीकडे नुसते टक्के. म्हणजे डाव्या पारड्यात आंबे आणि उजव्या पारड्यात आंब्याच्या भावाची पाटी. पारडं समान होणार कसं? 30 हा आकडा या उदाहरणात दोनदा आलाय, एकदा लिटर म्हणून, एकदा टक्के म्हणून. हा योगायोग नसतो. पेपर काढणारा मुद्दाम करतो. मीही करायचो.

त्याला लगेच समीकरण लिहू देऊ नका. आधी मराठीत एक वाक्य लिहायला लावा:

पहिल्यातलं आम्ल + दुसऱ्यातलं आम्ल = मिश्रणातलं आम्ल

मग एकेका शब्दाखाली आकडा भरायचा. पहिल्यातलं आम्ल म्हणजे क्ष लिटरचे 20 टक्के. दुसऱ्यातलं म्हणजे य लिटरचे 50 टक्के. मिश्रणातलं म्हणजे 30 लिटरचे 30 टक्के, 9 लिटर. झालं: 0.2क्ष + 0.5य = 9. दशांशाचा कंटाळा असेल तर दहाने गुणा, 2क्ष + 5य = 90. पहिल्यातून क्ष = 30 - य आणून घातलं की 60 + 3य = 90, य = 10, क्ष = 20.

उजवीकडच्या त्या 9 मध्येच सगळी मेख आहे. तो आकडा उदाहरणात कुठेही छापलेला नाही. स्वतः काढावा लागतो. मुलांना वाटतं, जे छापलंय तेवढंच वापरायचं.

वरणभात_तूप | शनिवार, रात्री 10:02

एक गंमत बघितली का कुणी? चिरंजीवांचं उत्तर त्यांच्या दोन्ही समीकरणांत घातलं तर ताळा बरोब्बर जमतो! 49 - 19 = 30. आणि 980 - 950 = 30. म्हणजे बिचाऱ्याने ताळा केला असणार आणि खूश होऊन चौकट आखली असणार.

ताळा समीकरणात घालून नाही, उदाहरणात घालून करायचा. 20 लिटरमध्ये आम्ल 4 लिटर, 10 लिटरमध्ये 5 लिटर, मिळून 9. तीसपैकी नऊ, म्हणजे 30 टक्के. हे बोटांवर होतं.

दुपारचा_चहा | शनिवार, रात्री 10:31

मास्तर, वाक्याची युक्ती लगेच करून बघितली. एकदम प्रकाश पडला असं नाही म्हणणार, पण पेन तोंडातून बाहेर आलं. आता त्याचा उलट प्रश्न आहे, जसाच्या तसा टंकते: "आम्लच का मोजायचं? पाणी मोजलं तर?"

मला उत्तर आलं नाही. "सर सांगतात तसं कर" हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं.

खडूस_मास्तर | शनिवार, रात्री 10:44

शाब्बास. हा प्रश्न वर्गात तीस वर्षांत मला चार-पाच जणांनीच विचारला असेल.

पाणी मोजलं तरी चालतं. पहिल्यात पाणी 80 टक्के, दुसऱ्यात 50 टक्के, मिश्रणात 70 टक्के म्हणजे 21 लिटर. 0.8क्ष + 0.5य = 21. क्ष 20 आणि य 10 घालून बघा, 16 + 5 = 21.

आता त्याला सांगा, आम्लाचं समीकरण आणि पाण्याचं समीकरण यांची बेरीज कर. येतं काय? क्ष + य = 30. आपलं पहिलं समीकरण! म्हणजे आम्ल, पाणी, एकूण या तीन हिशोबांपैकी कुठलेही दोन धरा, तिसरा आपोआप जमतो. म्हणून चलं दोन आणि समीकरणंही दोनच.

ठाणे_स्लो | शनिवार, रात्री 11:05

मास्तर, फुलीला नावं ठेवू नका बुवा. तिच्यावर दोन परीक्षा पास झालोय.

खडूस_मास्तर | शनिवार, रात्री 11:18

नावं ठेवत नाही, तिचं मूळ सांगतो. किती लिटर ते विसरा. 20क्ष + 50य = 30(क्ष + य) एवढंच लिहा. डावीकडचं उजवीकडे न्या: 20य = 10क्ष. क्ष:य = 20:10. ही तुमची फुली. समीकरणच आहे, कपडे बदलून आलंय.

आणि तिरकी वजाबाकी का, तर तराजूच्या दांडीमुळे. दांडीवर 20 च्या खुणेला एक पारडं टांगा, 50 च्या खुणेला दुसरं, आणि दांडी 30 वर धरा. 20 चं पारडं हातापासून 10 घरं लांब, 50 चं 20 घरं. दांडी आडवी राहायची तर जवळच्या पारड्यात दुप्पट वजन हवं. भाजीवालीचा जुना तराजू बघितलेल्याला हे सांगावं लागत नाही. आताच्या पोरांनी काटा बघितलाय तो आकडे दाखवणारा.

दांडीवरून आणखी एक गोष्ट कळते. उत्तर नेहमी दोन टोकांच्या मध्येच हवं. 20 आणि 50 मिसळून 60 टक्के करा म्हटलं तर दांडी टोकाच्या बाहेर धरावी लागेल आणि एक पारडं उणं येईल. उणं आलं की समजायचं, एक तर उदाहरण अशक्य आहे, नाही तर मांडणी चुकली आहे.

कसोटीचा_दगड | रविवार, सकाळी 8:10

धाग्याचं नाव वाचून आलो. आमच्या तीन पिढ्या सोन्याच्या कामात, झवेरी बाजारात. ही उदाहरणं आम्ही बीजगणित म्हणून शिकलोच नाही, वडील पाटीवर करायचे.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) मिश्रव्यवहार म्हणून भाग आहे, त्यात सोन्याचं गणित येतं. तेव्हा कस सोळांत मोजत, शुद्ध सोनं सोळा वर्णाचं. त्यातलं एक उदाहरण: 13, 12, 11 आणि 10 वर्णाचं सोनं अनुक्रमे 10, 4, 2 आणि 4 मासे (मासा हे सोनं तोलायचं जुनं वजन) घेऊन एकत्र आटवलं, तर कस किती? प्रत्येकाचं वजन गुणिले कस: 130, 48, 22, 40. बेरीज 240. एकूण वजन 20 मासे. 240 भागिले 20, कस 12.

खरी मजा पुढच्या भागात आहे. तेच वीस मासे शुद्ध करताना हीण जळून 16 मासे उरले, तर कस किती झाला? 240 भागिले 16, म्हणजे 15. आणि कस सोळा करायचा असेल तर वजन किती उरेल? पुन्हा 240 भागिले 16, पंधरा मासे. तो 240 कुठेच हलत नाही, कारण तो सोन्याचा आहे. घट होते ती हिणाची. मास्तरांचा 9 लिटर तो आमचा 240.

आता गिऱ्हाइकाचं खरं उदाहरण. बाई 18 कॅरटची 20 ग्रॅमची बांगडी घेऊन आल्या, म्हणाल्या, यात थोडं चोख सोनं घालून 22 कॅरट करून द्या. "थोडं" म्हणजे किती? उत्तर द्यायच्या आधी प्रत्येकाने मनात अंदाज करा.

कांदेपोहे_डॉट | रविवार, सकाळी 8:34

5 ग्रॅम?

पार्ले_पूर्व | रविवार, सकाळी 8:41

मी 8 म्हणणार होते.

कसोटीचा_दगड | रविवार, सकाळी 9:02

चोख म्हणजे 24 कॅरट. 20 × 18 + 24क्ष = 22(20 + क्ष). 360 + 24क्ष = 440 + 22क्ष. क्ष = 40.

चाळीस ग्रॅम. वीस ग्रॅमच्या बांगडीत चाळीस ग्रॅम चोख ओतायचं, तेव्हा साठ ग्रॅम 22 कॅरट होतं. तराजूच्या दांडीवर बघा, 22 हे 24 पासून दोन घरं आणि 18 पासून चार घरं. म्हणून चोख दुप्पट लागतं.

म्हणून कुणी असं करत नाही. बांगडी गाळतात. तिच्यात शुद्ध सोनं 15 ग्रॅम, 22 कॅरट करायचं तर वजन 20 × 18 ÷ 22, म्हणजे साधारण 16.36 ग्रॅम उरेल. दागिन्यावर 916 असा शिक्का असतो तोही हाच भागाकार, 22 ला 24 ने भागा आणि हजाराने गुणा. 18 कॅरटला 750 येतो.

पार्ले_पूर्व | रविवार, सकाळी 9:15

चाळीस ग्रॅम!! आजच्या भावात? बाई बांगडी घेऊन परत गेल्या असतील.

कसोटीचा_दगड | रविवार, सकाळी 9:19

गेल्या. चहा मात्र पिऊन गेल्या.

म्हशीचं_दूध | रविवार, सकाळी 10:40

निवृत्त डेअरीवाला. दुधात पाणी या विषयावर आमच्याशिवाय धागा पुरा होऊ शकत नाही.

गोरेगावच्या ताई, तुमच्या घराजवळच एक मोठं मिश्रणाचं उदाहरण सोडवलं गेलंय. आरे मिल्क कॉलनी 1949 ची. तिच्यामागचे दारा खुरोडी, ज्यांना 1963 साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टोन्ड दूध हे त्यांचंच काम, 1940 च्या दशकातलं, आणि मुंबईतलं. म्हशीचं दूध दाट आणि महाग, शहराला दूध पुरत नाही. मग ते वाढवायचं कसं?

नुसतं पाणी घालून चालत नाही, इथेच गणित आहे. म्हशीच्या दुधात 6 टक्के फॅट आणि 9 टक्के एसएनएफ धरा (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचा घन भाग, प्रथिनं, साखर, क्षार). टोन्ड दुधाला 3 टक्के फॅट आणि 8.5 टक्के एसएनएफ लागतो. निम्मं पाणी घातलं तर फॅट बरोब्बर 3 होतो, पण एसएनएफ 4.5 वर येतो. हे टोन्ड नाही, हे भय्याचं दूध. म्हणून पाण्याबरोबर स्किम पावडर, म्हणजे फॅट काढलेल्या दुधाची पावडर, घालतात.

आता चलं तीन: म्हशीचं दूध क्ष, पावडर य, पाणी झ. करायचं 100 किलो.
एकूण: क्ष + य + झ = 100
फॅट: 0.06क्ष = 3
एसएनएफ: 0.09क्ष + य = 8.5

(पावडरमधला थोडा ओलावा आणि किंचित फॅट इथे सोडून दिलाय. प्लांटमध्ये सोडत नसू.) फॅटवरून क्ष = 50. मग एसएनएफ 4.5 आला, राहिला 4, म्हणून पावडर 4 किलो. पाणी 46. पन्नास किलो दुधाचं शंभर किलो झालं आणि लॅक्टोमीटर लावा नाही तर फॅट तपासा, ते कायदेशीर.

ठाणे_स्लोंची फुली आम्हीही वापरायचो, डेअरीत तिला पिअर्सनचा चौकोन म्हणतात. क्रीम आणि स्किम मिसळताना रोज. पण वरच्या उदाहरणात ती अडते, कारण एकाच वेळी दोन गोष्टी साधायच्या आहेत.

कांदेपोहे_डॉट | रविवार, सकाळी 11:02

अवांतर: आरेच्या काचेच्या बाटल्या आणि त्यांची चमचमती बुचं आठवली. पहाटे केंद्रावर रांगेत बाटल्या किणकिणायच्या. बुचं जमवून आम्ही तोरण करायचो. अवांतराबद्दल माफी.

म्हशीचं_दूध | रविवार, सकाळी 11:06

माफी कसली, त्या बाटल्या आम्ही धुतल्यात.

रसायनी_मोहोपाडा | रविवार, दुपारी 1:25

थोडा खोडसाळपणा करतो, दिवे घ्या (म्हणजे 'लाइट' घ्या, रागावू नका). तुमचं पहिलं समीकरण, क्ष + य = 30 लिटर, हेच मुळात प्रयोगशाळेत खोटं ठरू शकतं. 50 मिली अल्कोहोल आणि 50 मिली पाणी मिसळलं तर 100 मिली होत नाही, 96-97 मिलीच्या आसपास भरतं. रेणू एकमेकांच्या फटीत शिरून बसतात, विरारच्या डब्यात चौथी सीट होते तसं. वजनं मात्र बरोब्बर जुळतात. म्हशीचं_दूध काकांनी किलोत मांडलं, ते शहाणपणाचं.

आणि मुलाला सांगा, उदाहरण कागदावर कसंही मिसळ, खरं आम्ल असेल तर आम्ल पाण्यात सावकाश ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. उकळून अंगावर उडतं.

खडूस_मास्तर | रविवार, दुपारी 1:50

रसायनी, सगळं खरं. पण हे दहावीच्या पोराने उत्तरपत्रिकेत लिहू नये एवढी काळजी घ्या. "आकारमान बेरजेत बसत नाही, सबब उदाहरण रद्द" असं एका वर्षी एकाने लिहिलं होतं. वर्गात मी त्याची पाठ थोपटली आणि पेपरात शून्य दिलं.

लालबागची_सून | रविवार, दुपारी 3:30

स्वैपाक आवरून आले. मिश्रण म्हटलं की मला मिरची गल्ली दिसते. दर मे महिन्यात सासूबाईंबरोबर मिरच्या घ्यायच्या, देठं काढून वाळवायच्या, भाजायच्या आणि डंकावर कांडून आणायच्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. तेव्हा हे उदाहरण मुलासाठी, भाव माझ्या मनाचे आहेत:

ब्याडगी 400 रुपये किलो, लवंगी 250 रुपये किलो. दोन्ही मिसळून 5 किलो मिश्रण 408 रुपये किलोने विकलं, तेव्हा 20 टक्के नफा झाला. प्रत्येक मिरची किती?

ठाणे_स्लो | रविवार, दुपारी 3:38

408 हे 400 पेक्षाही जास्त, म्हणजे मधे नाहीच. मास्तरांच्या दांडीप्रमाणे अशक्य. चूक काढली!

लालबागची_सून | रविवार, दुपारी 3:44

अहो भाऊ, 408 हा विक्रीचा दर. नफा आधी उतरवा की.

ठाणे_स्लो | रविवार, दुपारी 3:51

अर्रर्र. 408 ÷ 1.2 = 340. मग 400 - 340 = 60 आणि 340 - 250 = 90. ब्याडगी:लवंगी 90:60, म्हणजे 3:2. ब्याडगी 3 किलो, लवंगी 2 किलो. ताळा: 1200 + 500 = 1700, पाचने भागून 340.

लालबागची_सून | रविवार, दुपारी 4:05

बरोबर. फक्त सासूबाई म्हणतायत, पाच किलोत दोन किलो लवंगी घालणाऱ्याला आधी जेवायला बसवा. गणिताने बसतं, पोटाने नाही.

एमपीएससी_पुन्हा | सोमवार, दुपारी 12:10

लायब्ररीतून. ताईंच्या मुलाला नसेल, पण आमच्याकडे हे हमखास येतं: 40 लिटर दुधातून 4 लिटर काढलं आणि तेवढंच पाणी घातलं. असं एकूण तीनदा केलं. शेवटी दूध किती?

कांदेपोहे_डॉट | सोमवार, दुपारी 12:22

तीनदा चार, बारा गेले. 28 लिटर. सोपंय.

एमपीएससी_पुन्हा | सोमवार, दुपारी 12:30

याच उत्तरासाठी तो पर्याय दिलेला असतो दादा. दुसऱ्या वेळी जे चार लिटर काढलं त्यात निव्वळ दूध कुठे होतं? पहिल्या वेळचं पाणीही थोडं गेलं. दर वेळी भांड्यातलं जे काही आहे त्याचा दहावा भाग जातो, म्हणून दुधाचा नऊ दशांश भाग उरतो. 40, मग 36, मग 32.4, मग 29.16. सूत्र पाठ करायची गरज नाही, "काय गेलं" मोजण्यापेक्षा "काय उरलं" मोजा.

कांदेपोहे_डॉट | सोमवार, दुपारी 12:33

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करावासा वाटतोय, पण राहू दे. पोरांना दिसू दे काका कुठे पडले ते.

वरणभात_तूप | सोमवार, रात्री 8:15

पडायची आणखी एक जागा. दोन सारखी भांडी. एकात दूध आणि पाणी 5:1, दुसऱ्यात 3:1. दोन्ही भरलेली, एकत्र ओतली. प्रमाण किती? आमच्या घरात सगळ्यांनी 8:2 म्हणून 4:1 सांगितलं, मी धरून.

प्रमाणांची बेरीज होत नाही, लिटरची होते. भांडं 12 लिटरचं धरा. बारा का, तर सहा भाग आणि चार भाग दोन्ही त्यात पुरे बसतात. पहिल्यात दूध 10, पाणी 2. दुसऱ्यात दूध 9, पाणी 3. मिळून 19:5.

दुपारचा_चहा | मंगळवार, रात्री 10:20

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, महिनाअखेर आहे. लेकाने रविवारी पूर्ण धागा वाचला, बांगडीवर त्याने 6 ग्रॅम म्हटलं होतं. टोन्ड दूध तर पिशवीवरचे आकडे बघून आजीला समजावून दिलं. आजीचं म्हणणं, आम्हाला कळायला पिशवी लागत नव्हती, सायीवरून कळायचं.

काल त्याने स्वतः एक उदाहरण बनवलं: "आजीने 2 लिटर कोकम सरबत केलं, त्यात 15 टक्के साखर आहे. मामाला 10 टक्केच चालतं. किती पाणी घालावं?" आणि खाली मराठीत वाक्य: आधीची साखर = नंतरची साखर. 0.3 = 0.1(2 + क्ष). एक लिटर. मामा म्हणाला, एवढं पातळ मी पिणार नाही.

सोमवारी घटक चाचणी आहे, कळवते.

खडूस_मास्तर | मंगळवार, रात्री 10:35

पाण्यात साखर शून्य आहे हे त्याने न सांगता धरलं, हे मला सगळ्यात आवडलं. पुष्कळ मुलं तिथे अडतात, पाण्याचे टक्के दिलेलेच नाहीत म्हणून.

दुपारचा_चहा | पुढचा गुरुवार, संध्याकाळी 7:48

धागा वर काढतेय. पेपर मिळाला. मिश्रणाचं उदाहरण आलं होतं, 10 टक्के आणि 25 टक्के मिठाचं पाणी मिसळून 15 टक्क्यांचं 15 लिटर. पुन्हा तोच आकडा दोनदा! याने वाक्य लिहिलं, 0.1क्ष + 0.25य = 2.25 मांडलं, 10 आणि 5 आलं, चौकट आखली. चारपैकी तीन गुण. एक कापला, कारण चौकटीत नुसतं "क्ष = 10, य = 5" लिहिलं, "लिटर" लिहिलं नाही.

मी उद्या शाळेत जाऊन विचारणार आहे. सगळं बरोबर असताना एवढ्यासाठी गुण कापतात का?

खडूस_मास्तर | गुरुवार, संध्याकाळी 7:55

जाऊ नका. मी दोन कापले असते.

ठाणे_स्लो | गुरुवार, रात्री 8:01

मास्तर, दिवे घ्या.

खडूस_मास्तर | गुरुवार, रात्री 8:03

किती? एकक लिहा.